जुन्या जीपचा अनोळखी भाग ओळखताना: मातीपासून क्रमांकापर्यंत

मोहोळकडच्या एका शेतावर अनेक वर्षे राबलेली आणि नंतर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये धूळ खात पडलेली सीजे-3बी जीप, म्हणजे विलिस या मूळ अमेरिकन कंपनीच्या घराण्यातली गाडी, माझ्याकडे आली, तेव्हा तिच्याबरोबर लोखंडी तुकड्यांनी भरलेले एक बारदानाचे पोतेही आले. विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे पोत्यातले सगळे सामान याच गाडीचे होते. गाडीच्या तळपत्र्यात, ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीच्या) दोन दांड्यांशेजारी, तिसऱ्या दांडीसाठी कापलेली एक रिकामी खाच होती. डॅशबोर्डवर कशाचेच नसलेले एक भोक होते. आणि पोत्यात मुठीएवढी, आतून दाते असलेली एक जड कॉलर होती. पाहायला आलेल्या जाणकारांनी जागच्या जागी निकाल दिला की गाडी मिलिटरीची आहे आणि हे सगळे विंचचे, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या रहाटाचे, सामान आहे.

निकाल चुकला, आणि तो चुकण्याचे कारण एवढेच की सर्वांनी सुरुवात नावापासून केली होती. अनोळखी भागाला एकदा नाव चिकटवले की पुढे दिसणारी प्रत्येक खूण आपण त्या नावाशी जुळवून घेतो. म्हणून येथे सांगितलेला क्रम उलटा आहे. भाग कशाला टेकत होता, काय काम करीत होता, कोणत्या मापपद्धतीत घडला होता आणि त्यावर काय कोरले आहे, हे आधी पाहायचे. नाव सर्वांत शेवटी.

धुण्यापूर्वी

भाग हातात आल्यावर पहिली इच्छा होते ती त्याला रॉकेलच्या डब्यात बुडवून तारेच्या ब्रशने घासण्याची, आणि ती आवरणे ही पहिली पायरी आहे. भाग अजून गाडीवर असेल तर सोडवण्याआधी निरनिराळ्या बाजूंनी निदान पाच-सहा छायाचित्रे काढावीत, त्यांत स्टीलची पट्टी शेजारी ठेवावी, आणि भाग सुटताच तारेने पत्र्याची किंवा जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून तीवर गाडीची कोणती बाजू, कोणते बोल्ट, किती वॉशर आणि ते कोणत्या क्रमाने होते, हे लिहावे. डावे-उजवे नेहमी चालकाच्या आसनावर बसून ठरवावे. समोर उभे राहून लिहिलेल्या चिठ्ठ्यांनी मला एकदा दोन रविवार फुकट घालवायला लावले आहेत.

चिकटलेली घाण हा पुरावा आहे. चेसिसखालच्या भागावर आपल्याकडच्या काळ्या मातीचा थर तेलात मुरून डांबरासारखा घट्ट झालेला असतो, इंजिनाजवळच्या भागावर जळकट पातळ लेप असतो, आणि गिअरबॉक्सच्या आतल्या भागावर माती नसतेच, फक्त जुन्या तेलाचा तपकिरी थर असतो. माझ्या पोत्यात तिरप्या दात्यांचे एक रॅचेट चाक होते, जे मी हँडब्रेकचे समजून बाजूला ठेवले होते. गिरणीत फिटर म्हणून आयुष्य काढलेल्या एका मिस्त्रींनी ते हातात घेतले, खिळ्याच्या टोकाने दात्याच्या बुडातले ग्रीस उकरले आणि ते माझ्या बोटावर ठेवले. ग्रीसमध्ये कापसाचा रुवा गुंतलेला होता. “हे जीपचं नव्हे, साहेब, मागाचं आहे. कापड गुंडाळायच्या रुळाला हे चाक असतं,” असे ते म्हणाले. शेड पूर्वी यंत्रमागांची होती आणि पोते भरणाऱ्याने जमिनीवर दिसेल ते लोखंड आत टाकले होते. मी ते चाक आधी धुतले असते, तर ते आजही हँडब्रेकच्या खोक्यात पडून असते. सोलापुरात जुने सामान घेताना ही शक्यता पहिल्यापासून धरावी: यंत्रमाग, ऑइल इंजिन, उसाचे चरक आणि ट्रॅक्टर यांचे सुटे भाग जीपच्या भागांत बेमालूम मिसळलेले असतात.

एक सावधगिरी येथेच सांगायला हवी. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत आणि क्लच प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ड्रममधली धूळ फुंकू नये, हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

झीज वाचणे

सर्व पायऱ्यांत मला ही पायरी सर्वांत मोलाची वाटते, आणि नेमकी हीच लोक गाळतात. धातूवर जेथे चकाकी आहे, तेथे दुसरा भाग घासत होता. जेथे मूळ रंग किंवा ओतकामाचा खरबरीतपणा शाबूत आहे, तेथे काहीही टेकत नव्हते. भोकाभोवती गोल चकचकीत डाग असेल तर तेथे वॉशर होते. भोक लांबट झाले असेल तर बोल्ट ढिला राहून भाग एका दिशेने खेचला जात होता आणि लांबटपणाची दिशा म्हणजेच ओढीची दिशा. दात्यांची एकच बाजू झिजली असेल तर भाग एकाच दिशेने भार घेत होता. दात्यांची टोके चेपलेली, कोपरे उडालेले असतील तर तो कायम गुंतलेला नसून चालू गाडीत सरकवून गुंतवला जात होता.

माझ्या कॉलरचे उदाहरण घेतो. तिच्या बाहेरच्या अंगाला गोलाकार खाच होती आणि त्या खाचेच्या दोन्ही कडा आरशासारख्या गुळगुळीत होत्या. अशी खाच फक्त एका कामासाठी असते: दुबोटी फोर्क तिच्यात बसतो आणि कॉलरला शाफ्टवर मागे-पुढे सरकवतो. आतले दाते एका टोकाकडे चेपलेले आणि दुसऱ्या टोकाकडे कोरे होते, म्हणजे ती एकाच बाजूला गुंतत असे. अंगावर माती नव्हती, जुन्या गिअर ऑइलचा वास होता. नाव अजून ठाऊक नव्हते, पण एवढे निश्चित झाले होते की ही वस्तू एखाद्या बंद पेटीत, दांडीच्या साहाय्याने, काही फिरत्या भागाला जोडण्या-तोडण्याचे काम करीत होती. विंचचा तर्क अजून मोडला नव्हता, पण तो आता अनेक तर्कांपैकी एक उरला होता.

धातू कोणता हेही याच वेळी पाहून घ्यावे. ओतीव भागावर साच्याच्या दोन अर्ध्यांची बारीक रेघ दिसते, घणाखाली घडवलेल्या भागावर त्याच जागी रुंद, छाटलेला पट्टा दिसतो. भाग दोरीला टांगून हलक्या हातोडीने वाजवला तर पोलाद घंटेसारखे वाजते आणि ओतीव लोखंड बद्द आवाज करते. ग्राइंडरवर झाकल्या जाणाऱ्या जागी क्षणभर टेकवल्यास ओतीव लोखंडाच्या ठिणग्या आखूड व लालसर आणि साध्या पोलादाच्या लांब व पांढुरक्या निघतात. आपल्या शहरात कॅमशाफ्ट ओतले जातात आणि ओतशाळांत काम केलेली माणसे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या हातात भाग दिला तर ठिणगी पाडण्याची गरजही पडत नाही.

आटे सांगतात वंश

भाग कोणत्या देशाच्या घराण्यातला आहे, हे नावापेक्षा त्याचे आटे लवकर सांगतात. त्यासाठी पिच गेज (आट्यांची दाटी तपासण्याची दातेरी पाती) आणि व्यास मोजणारा व्हर्नियर या दोन वस्तू पुरतात. विलिसच्या घराण्यातल्या गाड्या इंची अमेरिकन आट्यांच्या आहेत, जुन्या लँड रोव्हर ब्रिटिश आट्यांच्या, तर सुझुकीच्या मुळाची जिप्सी मेट्रिक. आपल्याकडचे मिस्त्री अजूनही सुतात बोलतात, एक सूत म्हणजे अष्टमांश इंच, आणि चार सुताचा बोल्ट हा ओळखीसाठी सर्वांत सोपा नमुना आहे. अमेरिकन जाड आट्यात अर्ध्या इंची बोल्टवर इंचाला 13 आटे येतात, ब्रिटिश व्हिटवर्थमध्ये 12. अमेरिकन बारीक आट्यात 20, ब्रिटिश बारीक आट्यात 16. आट्याचा कोनही वेगळा असतो, अमेरिकन आणि मेट्रिक आटा 60 अंशांचा, व्हिटवर्थ 55 अंशांचा, त्यामुळे पिच गेजची पाती आट्यात बसवून प्रकाशासमोर धरल्यास फट लगेच दिसते.

अडीच सुताचा बोल्ट मात्र हमखास फसवतो. त्याचा व्यास 7.94 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ 8 मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टएवढाच भरतो. तो मेट्रिक आट्यात दोन-तीन फेरे बिनबोभाट जातो आणि मग अडकतो. अडकलेल्या बोल्टला लांब पाना लावणारे हात मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांत माझेही आहेत.

एकाच गाडीत दोन पद्धती सापडल्या तर गोंधळून जाऊ नये, कारण तीच फार मोठी खूण असते. महिंद्रच्या एमएम 540 सारख्या गाड्यांत प्यूजोच्या परवान्याखाली बनलेले 2112 घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन होते, तर बाकीचा सांगाडा विलिसच्या परंपरेतला होता. त्याखेरीज मूळ पेट्रोल जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवणे हा आपल्या भागातला सर्रास प्रकार. अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये लेथवर घडवलेली जाड लोखंडी पाटी सापडते, जिच्यावर भोकांची दोन वर्तुळे असतात, एक इंची बोल्टांचे आणि एक मेट्रिक बोल्टांचे. तिचा क्रमांक कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही, कारण ती इथल्याच कुणा टर्नरने केलेली असते.

जुन्या विलिस घराण्यात डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात हेही येथे नोंदवतो. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल हे अक्षर कोरलेले असते. ते न पाहता मी पहिल्याच दिवशी एक स्टड मोडला होता.

क्रमांक, अक्षरे आणि पट्ट्या

आता भाग धुवावा, आणि तोही हळू हाताने. डिझेलमध्ये रात्रभर भिजवून पितळी ब्रशने साफ करावा, ग्राइंडरची तार क्रमांकाजवळ आणू नये. पुसट क्रमांक वाचण्यासाठी अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवी धरावी, किंवा पृष्ठभागावर खडू चोळून वरचा पुसावा, म्हणजे खाचेतला खडू उरतो. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासण्याचा लहानपणीचा खेळ येथे उत्तम उपयोगी पडतो. सोलापूरची कोरडी हवा या कामी आपल्या बाजूची आहे. कोकणातल्या गाडीवर गंजाने खाल्लेले आकडे आपल्याकडच्या गाडीवर बहुधा मातीखाली शाबूत मिळतात.

उठावाचा क्रमांक आणि ठोकलेला क्रमांक यांत फरक करावा. उठावाचा क्रमांक साच्यातून येतो आणि तो ओतकामाचा असतो; एकाच ओतकामाला वेगवेगळी भोके पाडून दोन-तीन निरनिराळे भाग केलेले असू शकतात, म्हणून त्यावरून नग मागवू नये. ठोकलेला क्रमांक ओतकामानंतर, भाग किंवा जोडणी तयार होताना आलेला असल्याने अधिक भरवशाचा.

युद्धकाळातल्या जीप दोन कारखान्यांनी बनवल्या, विलिसने एमबी आणि फोर्डने जीपीडब्ल्यू, आणि फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही, वळणदार एफ अक्षर उमटवले. जीपीडब्ल्यू अशी सुरुवात असलेला क्रमांक मिळाला तर फोर्डची पद्धत उपयोगी पडते, कारण पुढच्या आकड्याचा हजाराचा गट भागाची जागा सांगतो: 1000 चा गट चाके व हब, 2000 ब्रेक, 3000 पुढचा ॲक्सल व स्टिअरिंग, 4000 मागचा ॲक्सल, 6000 इंजिन, 7000 क्लच व गिअरबॉक्स, 8000 कूलिंग, 9000 इंधन. भागाचे नाव माहीत नसतानाही त्याचे घर सापडते.

बेअरिंग असेल तर काम आणखी सोपे. साध्या बॉल बेअरिंगच्या क्रमांकातले शेवटचे दोन आकडे 04 किंवा त्याहून मोठे असतील तर त्यांना पाचने गुणल्यावर आतला व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. 6205 म्हणजे 25 मिलिमीटर. टेपर रोलर बेअरिंगच्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यांवर वेगळे क्रमांक असतात. एका कड्यावर 18590 आणि दुसऱ्यावर 18520 दिसले, तर जीपच्या चाकाचा हब हा पहिला तर्क करावा. तेथे आतला व्यास 1⅝ इंच असतो.

डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधली गिअरची पेटी, उघडे पडले असेल तर दाते मोजावेत. पिनियनला 8 आणि मोठ्या चाकाला 39 दाते म्हणजे 4.88 चे प्रमाण, जे युद्धकालीन जीपचे. 8 ला 43 म्हणजे 5.38, जे नंतरच्या सिव्हिलियन जीपचे. पुढे एक आणि मागे दुसरे असे प्रमाण बसवलेली गाडी फोर-व्हीलमध्ये टाकताच स्वतःशीच भांडू लागते, म्हणून जुने ॲक्सल विकत घेताना ही मोजणी दुकानातच करावी.

हमखास चकवणारे काही भाग

पुढच्या ॲक्सलच्या टोकाशी असलेला जोड हा त्यांत पहिला. युद्धकालीन जीपमध्ये तो चार प्रकारांचा आढळतो. रझेपा प्रकारात पिंजऱ्यात बसवलेल्या सहा गोळ्या असतात. बेंडिक्स-वाइस प्रकारात खाचांत फिरणाऱ्या चार मोठ्या गोळ्या आणि मधोमध एक पाचवी गोळी असते, पिंजरा नसतो. ट्रॅक्टा प्रकारात गोळ्याच नसतात, एकमेकांत सरकणारे दोन ठोकळे असतात. स्पायसर प्रकार म्हणजे आपल्या नेहमीच्या प्रोपेलर शाफ्टसारखा क्रॉस. बेंडिक्सचा शाफ्ट उभा धरला की गोळ्या टपाटपा खाली पडतात आणि पाहणाऱ्याला वाटते बेअरिंग फुटले. ते फुटलेले नसते. गोळ्या मोजाव्यात, पाच भरल्या की एका डबीत घालून शाफ्टलाच बांधाव्यात.

हेडलाइटच्या ब्रॅकेटला बिजागरी आणि पंखांचा नट दिसला तर तो मोडतोडीचा अवशेष समजून वेल्डिंग करू नये. युद्धकालीन जीपचा हेडलाइट मागे उलटवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येत असे, त्यासाठी ती सोय होती. जाळीला 9 उभ्या फटी असतील तर ती त्याच काळातली, 7 असतील तर युद्धानंतरची. इंजिन आणि चेसिसमध्ये अधूनमधून दिसणाऱ्या विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या रेडिओतली खरखर थांबवण्यासाठी असतात. डिस्ट्रिब्युटर, ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्स यांतून निघून हवेच्या मार्गाकडे जाणाऱ्या बारीक नळ्या दिसल्या आणि विजेचे सामान 24 व्होल्टचे असेल, तर 1950 नंतरच्या एम-38 या लष्करी जीपच्या घराण्याचा विचार करावा, कारण ती गाडी खोल पाण्यातून जाण्यासाठी बंदिस्त केलेली होती.

पेट्रोल पंपाला इंधनाच्या दोन नळ्यांखेरीज आणखी दोन तोंडे असतील तर पंप चुकीचा नाही. काही सिव्हिलियन जीपमध्ये वायपर निर्वाताने चालत आणि तो निर्वात याच पंपाचा दुसरा कप्पा पुरवी. पुढच्या हबवर फिरवता येणारी चकती असेल तर ते फ्री व्हील हब, मागाहून बसवलेले.

सहा सिलिंडरचे लांबलचक पेट्रोल इंजिन समोर आले तर जीपची पुस्तके बंद करावीत. ते 3956 घनसेंटिमीटरचे निसानचे इंजिन असण्याची शक्यता मोठी, म्हणजे 1969 पासून जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनलेल्या जोंगा या लष्करी गाडीचे किंवा त्याच कारखान्यातल्या निसान ट्रकचे. आणि ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला न चिकटता मध्ये एका आखूड शाफ्टने जोडलेली असेल, तर ती जिप्सीची.

बसवून पाहणे

इतके झाल्यावर एकच तर्क हातात उरतो आणि तो गाडीवर तपासायचा असतो. भाग बळाने बसवू नये. तेलाचा हात लावून, बोटांच्या जोराने जितका जातो तितकाच जाऊ द्यावा. योग्य भागाच्या झिजेच्या खुणा समोरच्या भागाच्या झिजेच्या खुणांवर येऊन बसतात, आणि हे जुळणे मापांच्या जुळण्यापेक्षा अधिक विश्वासाचे असते. एकाच मापाचे दोन भाग असू शकतात, पण दोघांची झीज सारखी नसते.

माझ्या गाडीच्या ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावर एक गोल झाकण होते. ते काढल्यावर आत मेन शाफ्टवरच्या गिअरचे स्प्लाइन (शाफ्टच्या लांबीत कापलेले दाते) दिसले आणि त्यांची टोके चेपलेली होती. कॉलर त्यावर बोटाने सरकली, आणि तिचा चेपलेला भाग त्या टोकांवर तंतोतंत आला. विलिस घराण्यात हे झाकण काढून तेथे पॉवर टेक-ऑफ बसवता येत असे, त्यामुळे गाडी उभी करून मागच्या शाफ्टवर शेतीचे यंत्र चालवता येई. तळपत्र्यातली तिसरी खाच त्याच्याच दांडीची. पोत्याच्या तळाशी सहा स्प्लाइनचा एक आखूड शाफ्ट होता, त्याचा व्यास 35 मिलिमीटर भरला, आणि ट्रॅक्टरच्या मिनिटाला 540 फेऱ्यांच्या शाफ्टचे माप नेमके तेच आहे. युद्धाशी गाडीचा काही संबंध नव्हता. ती पहिल्यापासून शेतकऱ्याची होती.

ही ओळख केवळ हौसेची नाही. 15 जुलै 2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना व्हीए मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, नव्या नोंदणीसाठी 20,000 रुपये शुल्क आहे, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहूनचा, याची छायाचित्रांसह वही ठेवणाऱ्याचे काम अशा वेळी सोपे होते. इंजिन क्रमांकाची जागा, जी विलिस इंजिनात पाण्याच्या पंपाजवळ ब्लॉकच्या पुढच्या टोकाला असते, ती घासू किंवा रंगवू नये.

डॅशबोर्डवरचे भोक मात्र अजून रिकामेच होते. पॉवर टेक-ऑफवर यंत्र चालवायचे तर भार कमी-जास्त झाला तरी इंजिनाच्या फेऱ्या स्थिर राहायला हव्यात, म्हणून अशा शेतीच्या जीपना पट्ट्यावर फिरणारा गव्हर्नर बसवत आणि त्याचा मुठीचा खटका डॅशबोर्डवर असे. बोनेट उघडून पाहिले, तर पंख्याच्या पुलीला पट्ट्यासाठी दोन खाचा होत्या आणि पट्टा एकीतूनच गेला होता. दुसरी खाच कोरडी होती, तळाशी जुन्या पट्ट्याचा काळा रबरी लेप अजून चिकटलेला.